वाचकांचे प्रश्न : इंजिन थांबले, पण विमान का पडले?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच विमानांविषयी आहेत, आणि त्यांतली बहुतेक जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांतून आली आहेत. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. धुळ्याजवळची गोंदूरची धावपट्टी, शिरपूरची धावपट्टी आणि जळगावचा विमानतळ यांमुळे तापीच्या दोन्ही काठांवर प्रशिक्षणाची लहान विमाने इतकी घरघरत असतात, की निंदणी करणाऱ्या बाया आता मान वर करून पाहतही नाहीत. अशा विमानांच्या देखभालीत माझी सारी नोकरी गेली, म्हणून संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे धाडली. सारखे प्रश्न मी एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. गाव आणि व्यवसाय तेवढे दिले आहेत.

प्रश्न : जुलै २०२१ मध्ये आमच्या तालुक्यात वर्डी गावाजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी प्रशिक्षण विमान कोसळले, तेव्हा प्रशिक्षक दगावले आणि प्रशिक्षणार्थी तरुणी गंभीर जखमी झाली. लहान विमानात ब्लॅक बॉक्स नसतो असे ऐकतो. मग असे एखादे विमान उडाल्या उडाल्या पडले आणि आतले कोणीच वाचले नाही, तर नेमके काय घडले हे शोधतात तरी कसे? (शिक्षक, चोपडा तालुका)

उत्तर : आपण उल्लेख केलेला अपघात उड्डाणानंतर लगेचचा नव्हता, आणि एखाद्या विशिष्ट अपघातावर या सदरातून निवाडा देणे मला योग्य वाटत नाही. पद्धतीविषयी मात्र सविस्तर सांगता येईल.

एका इंजिनाच्या प्रशिक्षण विमानात ब्लॅक बॉक्सची सक्ती नसते, हे आपण ऐकले ते खरे आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून उडताच कोसळलेल्या बोइंग ७८७ मध्ये दोन रेकॉर्डर, म्हणजे ब्लॅक बॉक्स, होते, म्हणून इंधनाचे दोन्ही स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'चालू'वरून 'बंद'वर गेल्याचे प्राथमिक अहवालात नोंदवता आले. लहान विमानाच्या तपासनिसाच्या वाट्याला हे सुख सहसा येत नाही. अलीकडच्या काही विमानांत काट्यांच्या तबकड्यांऐवजी काचेचे पडदे असतात, आणि त्यांतल्या लहानशा कार्डावर वेग, उंची, इंजिनाचे फेरे यांची दर सेकंदाला नोंद होत राहते. ते कार्ड आगीतून वाचले तर काम निम्म्याने हलके होते. ते नसेल तर जमीन आणि धातू यांनाच बोलते करावे लागते.

पहिले काम म्हणजे तुकड्यांची हजेरी घेणे. विमानाचे नाक, शेपटी आणि दोन्ही पंखांची टोके एकाच जागी सापडली, तर विमान हवेत मोडले नव्हते आणि जमिनीला टेकेपर्यंत अखंड होते, असे मानता येते. पंखाचे टोक अर्धा किलोमीटर मागे दुसऱ्याच्या बांधावर मिळाले, तर तपासाची दिशाच बदलते. त्यानंतर जमिनीवरच्या खुणा मोजतात. लांब ओरखडा आणि त्यापुढे पसरलेले अवशेष असतील, तर विमान बऱ्यापैकी सपाट आणि वेगात आलेले असते. जागच्या जागी खड्डा, चेपलेले नाक आणि एका पंखाखाली जास्त दबलेली माती दिसली, तर ते जवळजवळ उभे आणि गिरकी घेत खाली आलेले असते. या दुसऱ्या प्रकाराकडे पुढच्या उत्तरात पुन्हा यायचे आहे.

सर्वांत बोलका साक्षीदार असतो पंखा, म्हणजे प्रोपेलर. इंजिन जोरात चालू असताना पाते जमिनीत शिरले, तर ते इंग्रजी एस अक्षरासारखे वळते, त्याला पीळ बसतो आणि त्याच्या रुंदीच्या दिशेने ओरखडे उमटतात. थांबलेला पंखा आपटला, तर एक पाते सरळ मागे वाकते आणि दुसरे अनेकदा जसेच्या तसे राहते. काळ्या मातीत फिरत्या पात्यांचे काप स्पष्ट उमटले, तर हिशेबच मांडता येतो. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ८० काप पडतात. विमान सेकंदाला ३५ मीटर वेगाने सरकत असेल, तर दोन कापांत सुमारे ४४ सेंटिमीटर अंतर राहते. त्याच वेगाला काप याहून लांब लांब असतील, तर इंजिन तेवढ्या जोरात फिरत नव्हते. हाच हिशेब आवाजालाही लागू पडतो. जवळच्या दुकानाच्या सीसीटीव्हीत किंवा कोणाच्या मोबाइलच्या चित्रफितीत विमान दिसले नाही, पण त्याची घरघर टिपली गेली, तरी त्या ध्वनीच्या वारंवारतेवरून इंजिनाचे फेरे काढता येतात.

मग सुकाणूंच्या तारा वैमानिकाच्या दांड्यापासून पंखाच्या आणि शेपटीच्या हलत्या भागांपर्यंत हाताने चाचपत जातात. आपटताना ताण बसून तुटलेल्या तारेचे टोक जुन्या केरसुणीसारखे फिसकारलेले असते; आधीच झिजलेल्या तारेच्या टोकावर घासल्याचा चकाकता सपाटपणा दिसतो. धातूच्या थकव्याने भाग तुटला असेल, तर त्याच्या तुटक्या पृष्ठभागावर भिंगाखाली एकामागे एक वळणदार रेघा दिसतात, अगदी ओसरत्या पाण्याने नदीकाठच्या गाळावर काढाव्यात तशा. तबकडीवर काट्याने आपटताना सोडलेला रंगाचा ठसा, धोक्याच्या दिव्यातली ताणली गेलेली तार (पेटलेल्या दिव्याची गरम तार ताणली जाते, विझलेल्याची थंड तार कडकन तुटते), फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग) किती अंशांवर होते हे सांगणारा स्क्रू, इंधनाचा कॉक कोणत्या टाकीकडे वळलेला होता, ही सारी त्याच वहीतली पाने आहेत. इंजिन नंतर कार्यशाळेत नेऊन सुटे करतात. सिलिंडर दाब धरतात का, मॅग्नेटो (इंजिनाच्या ठिणगीसाठी वीज तयार करणारी यंत्रे) ठिणगी देतात का, स्पार्क प्लग काळे पडले आहेत की पांढरट, हे पाहतात. शवविच्छेदनही तपासाचाच भाग असते, कारण वैमानिकाला आधीच हृदयविकाराचा झटका आला होता का किंवा गळक्या धुराड्यातून कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरला होता का, याचे उत्तर दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

प्रत्यक्षदर्शींचे जबाब मोलाचे असतात, पण ते जपून वापरावे लागतात. एक किलोमीटरवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत आवाज पोहोचायला साधारण तीन सेकंद लागतात. त्यामुळे 'विमान आधी वळले आणि मग इंजिन बंद पडले' असे तो शपथेवर सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. प्रत्यक्षात मात्र क्रम उलटा असू शकतो. म्हणून साक्षीदाराला तो उभा होता त्याच जागी नेऊन, हाताने दिशा दाखवायला लावून जबाब घेतात. माझे वैयक्तिक मत विचाराल, तर गुराख्यांचे जबाब मला सर्वांत भरवशाचे वाटत आले आहेत, कारण ते दिसले तेवढेच सांगतात आणि त्यात वर्तमानपत्रात वाचलेले शब्द घालत नाहीत.

प्रश्न : मी चाळीस वर्षे रेल्वेत होतो. इंजिन बंद पडले तर गाडी जागेवर उभी राहते, विमानाला ती सोय नाही, हे कळते. पण धावपट्टी पाठीमागेच असताना वैमानिक वळून परत का येत नाही? आणि आमच्याकडे अपघात झाला की रेल्वे सुरक्षा आयुक्त येतात, तसे विमानासाठी कोण येते? (निवृत्त लोको पायलट, भुसावळ)

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात एक गंमत आहे. रेल्वेने स्वतःच स्वतःची चौकशी करू नये म्हणून रेल्वे सुरक्षा आयोग रेल्वे मंत्रालयाबाहेर ठेवलेला आहे, आणि तो ज्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो ते आहे नागरी विमान वाहतूक मंत्रालय. विमानांसाठी त्याच मंत्रालयाखाली २०१२ पासून विमान अपघात तपास विभाग आहे. विमानांना परवाने देणारे व त्यांचे नियमन करणारे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय वेगळे आणि तपास करणारा विभाग वेगळा, अशी ही रचना आहे. २०१७ च्या नियमांनुसार २,२५० किलोंहून जड विमानांचे आणि जेट विमानांचे अपघात व गंभीर घटना हा विभाग तपासतो. त्याहून हलक्या विमानाच्या अपघातातून सुरक्षिततेसाठी काही शिकण्यासारखे असेल, तर त्याचाही तपास तो हाती घेऊ शकतो.

आता परत वळण्याविषयी. माझ्या मते उड्डाणानंतरच्या अपघातांविषयी सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. लोक म्हणतात, 'इंजिन बंद पडले म्हणून विमान पडले.' इंजिन बंद पडलेले विमान पडत नाही, ते तरंगत खाली येते. सेस्ना १७२ सारखे विमान इंजिनाशिवाय एक फूट खाली येताना सुमारे नऊ फूट पुढे जाते. म्हणजे ५०० फुटांवर इंजिन थांबले, तर वारा नसताना आणि विमान सरळ ठेवल्यास जवळजवळ १,४०० मीटर अंतर हाताशी असते. तेवढ्यात समोर किंवा थोडे डावी-उजवीकडे एखादे मोकळे शेत मिळाले, तर विमान मोडेल, पण आतली माणसे बहुधा चालत बाहेर येतील.

परत फिरायचे ठरवले, की गणित बदलते. ७० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने ३० अंश कलून वळणाऱ्या विमानाच्या वर्तुळाची त्रिज्या २३० मीटरच्या आसपास असते. अर्धे वर्तुळ पूर्ण झाले, तेव्हा तोंड धावपट्टीकडे फिरलेले असते खरे, पण विमान धावपट्टीच्या साडेचारशे मीटर बाजूला असते. मग अजून वळायचे, आणि शेवटी धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी उलट दिशेने पुन्हा वळायचे. या साऱ्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागतो. सरळ तरंगतानाच असे विमान मिनिटाला सातशेच्या आसपास फूट खाली येत असते आणि वळताना त्याहून वेगाने येते. शिवाय काय झाले हे उमजण्यात गेलेले पहिले चार-पाच सेकंद आहेतच. उड्डाण वाऱ्याच्या तोंडाला केलेले असते, त्यामुळे परतताना तोच वारा पाठीमागून ढकलतो आणि जमीन नेहमीपेक्षा भराभर सरकताना दिसते. वैमानिकाला वाटते की वेग भरपूर आहे, आणि नकळत तो नाक वर ओढतो.

खरा घात तिथे होतो. पंखावरून हवा नीट वाहते तोवरच उचल मिळते. पंख वाऱ्याशी साधारण १५-१६ अंशांहून जास्त कोन करू लागला, की हवेचा प्रवाह पंखापासून सुटतो आणि उचल एकाएकी ढासळते. वैमानिक याला स्टॉल म्हणतात. गाडीचे इंजिन 'स्टॉल' होण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. सरळ उडताना जे विमान ५० नॉटला स्टॉल होते, तेच ४५ अंश कललेले असताना, उंची धरून ठेवू पाहिले तर, सुमारे ६० नॉटला आणि ६० अंश कललेले असताना ७१ नॉटला स्टॉल होते. घाईत तीव्र वळण घेणारा वैमानिक स्वतःच्याच हाताने ही सीमा वर आणत असतो. एक पंख आधी ढासळला, की विमान त्या बाजूला कोलमडून गिरकी घेते, आणि तीनशे फुटांवरून ते सावरायला जागा उरत नाही. मघाशी सांगितलेला तो जागच्या जागी पडलेला खड्डा याचीच खूण असते.

म्हणून चांगला तपास दोन वेगळे प्रश्न विचारतो. इंजिन का थांबले, हा पहिला. आणि इंजिन थांबल्यावर माणसे का दगावली, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कधी पाच रुपयांच्या रबरी कडीत सापडते, तर दुसऱ्याचे प्रशिक्षणात. उड्डाणाआधीच 'इतक्या फुटांच्या खाली इंजिन गेले, तर मी समोरच उतरेन' असे मोठ्याने म्हणून घेण्याची शिस्त आहे. ज्यांना ती सवय लागलेली असते, त्यांचा हात ऐन वेळी वळणाकडे जात नाही.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. एवढ्या उन्हाचा लहान विमानावर काही परिणाम होतो का? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, जळगाव)

उत्तर : होतो, आणि डोळ्यांना दिसत नसल्यामुळेच तो घातक ठरतो. तापलेली हवा विरळ असते. पंखाला उचल कमी मिळते, प्रोपेलरला पकड कमी मिळते आणि इंजिनाला प्राणवायूही कमी मिळतो. जळगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास आहे. तिथे ४४ अंश तापमान असेल, तर विमानाच्या दृष्टीने हवा सुमारे साडेचार हजार फुटांवरच्या प्रमाणित हवेइतकी विरळ होते. म्हणजे आपण उभ्या असता जळगावात, पण विमान मात्र तोरणमाळच्या पठारापेक्षाही उंच जागेवरून उडायला निघालेले असते. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्क्यांनी घटते, तेव्हा तेरा-चौदा टक्के बळ निघण्याआधीच गेलेले असते. धाव लांबते, चढण मंदावते, आणि त्यात दुपारच्या वावटळी असतात. म्हणूनच उन्हाळ्यात शहाण्या संस्था पहाटे आणि सकाळी उड्डाणे उरकून घेतात.

विरळ हवेला वजनाची जोड मिळाली की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. ११ एप्रिल १९९६ रोजी वायोमिंग राज्यातील शायेन येथून चार आसनांचे सेस्ना १७७ उडाले. त्यात सात वर्षांची एक मुलगी, तिचे वडील आणि प्रशिक्षक होते. अमेरिकेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारी सर्वांत लहान 'वैमानिक' म्हणून तिची मोठी प्रसिद्धी चालली होती. शायेनची धावपट्टी मुळातच ६,१०० फुटांहून उंच आहे, विमानात मर्यादेपेक्षा चाळीसेक किलो वजन जास्त होते, आणि विमानतळावर वादळी पाऊस येऊन ठेपला होता. विमान उडाले, वळले, स्टॉल झाले आणि तिघेही गेले. तपास मंडळाने प्रशिक्षकाच्या निर्णयावर बोट ठेवले, पण तेवढ्यावर न थांबता त्याला कारणीभूत ठरलेल्या गोष्टींत भरगच्च वेळापत्रक पाळण्याची इच्छा आणि त्यामागे असलेल्या माध्यमांना दिलेल्या वेळा यांचाही उल्लेख केला. अहवाल कसा लिहावा याचा तो एक चांगला नमुना आहे, असे मला वाटते. इंजिनात काही बिघाड नव्हता, पण त्या सकाळी विमान हँगरमध्येच का राहिले नाही, हे त्यातून कळते.

प्रश्न : माझी मुलगी परराज्यात वैमानिकाचे प्रशिक्षण घेते. उडताच इंजिन बंद पडण्याची सर्वसाधारण कारणे कोणती, आणि तिने रोज काय पाहावे? (पालक, शहादा)

उत्तर : आपली काळजी समजू शकतो. कारणे पुष्कळ आहेत, पण इंधनाशी निगडित कारणे पुन्हा पुन्हा समोर येतात, म्हणून मी तिथेच रेंगाळतो.

अर्धी भरलेली टाकी रात्रभर उभी राहिली, की तिच्यातल्या हवेतला ओलावा थंड पत्र्यावर जमून खाली उतरतो. झाकणाची रबरी कडी चिरलेली असेल, तर पावसाचे पाणीही शिरते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे ते टाकीच्या तळाशी बसते. जमिनीवर विमान सपाट उभे असते तेव्हा इंजिन कुरकुर करत नाही. उड्डाणाला नाक वर झाले, की तेच पाणी नळीच्या तोंडाशी येते आणि इंजिन नको त्या क्षणी गचके खाते. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी टाकीच्या तळाशी असलेल्या छोट्या तोटीतून पारदर्शक पेल्यात इंधन काढून पाहायचे असते. विमानाचे पेट्रोल निळसर रंगवलेले असते आणि पाणी असेल तर तळाशी वेगळी रेघ दिसते.

इथे एक पेच आहे. माझ्या उमेदवारीच्या काळात, पावसाळ्यातल्या एका सकाळी, एका नवख्या मुलाने पेला भरून आणला आणि 'एकदम स्वच्छ आहे, रेघच नाही' असे समाधानाने सांगितले. रेघ नव्हती, कारण पेल्यात नुसते पाणीच होते. तेव्हापासून मी सर्वांना सांगत आलो, की पेला पांढऱ्या भिंतीसमोर किंवा कागदासमोर धरावा, निळी छटा आहे का ते पाहावे आणि वास घ्यावा. आपल्या मुलीलाही हे सांगावे. तिला माहीत असेल, पण पुन्हा सांगितल्याने बिघडत काही नाही.

याखेरीज इंधनाचा कॉक चुकीच्या जागी राहणे, पिस्टन इंजिनाच्या विमानात चुकून जेटचे इंधन भरले जाणे, मॅग्नेटो किंवा झडप अडकणे ही कारणे आहेत. दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ जमणे हे ऐकून खानदेशातल्या माणसाला हसू येईल, पण पेट्रोलची वाफ होताना आणि अरुंद गळ्यातून हवा जाताना आतले तापमान वीस-पंचवीस अंशांनी सहज खाली येते. त्यामुळे बाहेर पंचवीस अंश असतानाही आत बर्फ धरू शकतो.

इंजिन ठणठणीत असूनही उडताच अपघात होतात, हेही लक्षात असू द्यावे. सुकाणू बांधून ठेवणारी खीळ काढायची राहिली, वैमानिकाचे आसन खाचेत नीट न बसल्याने नाक वर होताच मागे घसरले, किंवा वेग मोजणाऱ्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केले आणि वेगाचा काटा खोटे सांगू लागला, तरी तोच प्रसंग ओढवतो. आपल्या घराच्या खिडकीत घर करणारी ती माशी विमानाच्या नळीलाही सोडत नाही. त्या नळीवर टोपी घालतात ती यासाठीच, आणि ती टोपी काढायची विसरणे हा पुन्हा वेगळा धोका. मुलीने दुसऱ्या कोणाच्या 'मी बघितलंय' या शब्दावर विमानात बसू नये. तपासणीची यादी हातात धरून वाचावी, पाठ म्हणू नये.

प्रश्न : अहवालात दोषी कोण हे लिहीत नाहीत, असे वाचले. मग मृताच्या कुटुंबाला न्याय कसा मिळणार? हा प्रकार पांघरूण घालण्याचा नाही काय? (वकील, अमळनेर)

उत्तर : तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा उत्तरदायित्व ठरवणे हा नाही, असे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे. हे परिशिष्ट १९५१ पासून आहे आणि आपले नियमही त्याच धर्तीवर आहेत. यामागचे कारण व्यवहारी आहे. देखभाल करणाऱ्या मेकॅनिकला जबाबाच्या वेळी तुरुंग दिसू लागला, तर तो नट घट्ट करायचा राहिला होता हे कधीच सांगणार नाही, आणि तसाच सैल नट उद्या दुसऱ्या विमानात राहील.

याचा अर्थ कायदा हात बांधून बसतो, असा नाही. पोलिसांचा पंचनामा, अकस्मात मृत्यूची नोंद, निष्काळजीपणाचा गुन्हा, नुकसानभरपाईचा दावा हे मार्ग स्वतंत्र आहेत आणि ते समांतर चालू शकतात. महासंचालनालय परवान्यावर कारवाई करू शकते. आपल्या पक्षकाराला या दोन वाटा वेगळ्या आहेत हे सुरुवातीलाच समजावून सांगावे. नाहीतर कुटुंब अहवालाकडे निकालपत्र म्हणून डोळे लावून बसते आणि पदरी निराशा येते. तीस दिवसांत प्राथमिक अहवाल आणि शक्य झाल्यास बारा महिन्यांत अंतिम अहवाल, अशी अपेक्षा असते. प्राथमिक अहवालात वस्तुस्थिती असते, कारण नसते. अंतिम अहवालाला अनेकदा त्याहून जास्त वेळ लागतो, आणि त्याबद्दलची आपली चीड मला रास्त वाटते.

'वैमानिकाची चूक' या शब्दांवर मात्र माझा आक्षेप आहे. ते शब्द छापले, की वाचणाऱ्याचे समाधान होते आणि शोध थांबतो. चूक झाली असेलही. पण त्याला तसे वळण्याचा सराव कोणी दिला, त्या दिवशीचे ते कितवे उड्डाण होते, दुपारी दोन वाजता विमान बाहेर काढायला कोणी सांगितले, हे विचारल्याशिवाय ती चूक दुसऱ्याच्या हातून व्हायची थांबत नाही.

प्रश्न : आमच्या केळीच्या बागेवरून रोज विमाने जातात. देव न करो, पण एखादे बागेत पडले तर आम्ही काय करावे आणि काय करू नये? (शेतकरी, रावेर तालुका)

उत्तर : सर्व पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत कामाचा वाटला. आधी माणसे. वर्डीच्या वेळी गावकऱ्यांनी साडीची झोळी करून जखमी मुलीला डोंगरातून खाली आणल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते, आणि त्यांनी केले ते अगदी बरोबर होते. नियमही हेच सांगतात. अवशेष हलवू नयेत असा दंडक असला, तरी माणसे किंवा जनावरे बाहेर काढण्यासाठी, आग रोखण्यासाठी आणि लोकांचा धोका टाळण्यासाठी हवे तेवढे हलवायला मुभा आहे. ११२ वर फोन करावा, आणि पोलीस पाटलांना कळवावे.

जवळ जाताना विडी-सिगारेट विझवावी, ट्रॅक्टर लांब उभा करावा. सांडलेले पेट्रोल उन्हात एका ठिणगीची वाट पाहत असते. शक्यतो वारा पाठीवर घेत जावे, म्हणजे धूर तोंडावर येत नाही. काही आधुनिक लहान विमानांत संपूर्ण विमानासाठी पॅराशूट असते आणि ते बाहेर फेकण्यासाठी छोटे रॉकेट बसवलेले असते. विमानाच्या अंगावर धोक्याची खूण किंवा लाल रंगाचा दांडा दिसला, तर त्याला हात लावू नये आणि त्याच्या तोंडासमोर उभे राहू नये. जळालेल्या तंतुमय पत्र्याची राख श्वासात जाऊ देऊ नये; ओला रुमाल नाकाला बांधावा.

माणसे बाहेर आल्यावर मात्र सगळ्यांनी मागे सरावे. कोणताही तुकडा आठवण म्हणून घरी नेऊ नये, मुलांना नेऊ देऊ नये. इंधनाचा कॉक, दांडे, बटणे यांना 'बंद करून ठेवू' म्हणून हात लावू नये; आग लागण्याच्या भीतीने कॉक फिरवावाच लागला, तर तो आधी कुठे होता हे ध्यानात ठेवून तपासनिसाला सांगावे. मोबाइलवर चित्रे घ्यावीत, पण ती मृतांची नव्हे, तर जमिनीवरच्या खुणांची, पंख्याची, आणि दूर पडलेल्या तुकड्यांच्या जागेची घ्यावीत.

आणि एक गोष्ट केवळ आपल्यासारख्या बागायतदारालाच दिसेल. टाकी फुटून पेट्रोल उडाले असेल, तर एक-दोन दिवसांत केळीची पाने ठरावीक पट्ट्यात करपून पिवळी पडतात. तो पट्टा किती लांब आणि किती रुंद आहे, यावरून आपटताना टाकीत इंधन होते की ती कोरडी होती, हे बरेचसे कळते. बाग साफ करण्याची घाई असली, तरी तपासनीस येऊन तो पट्टा मोजेपर्यंत ती पाने कापू नयेत. तलाठ्याकडून पिकाच्या नुकसानीचा पंचनामा मात्र त्याच दिवशी करून घ्यावा.